कासवाला शिकवणारी मुले

१/ समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे विद्यार्थ्याला पाठ असते. पण संगणकाच्या पडद्यावरील कासवाला त्याने तीनदा ‘पुढे १००, उजवीकडे ६०’ अशी आज्ञा दिली, तर त्रिकोण मिटत नाही. अर्धा षट्कोन उमटतो.

२/ खरा धडा येथे सुरू होतो. कडेने चालणारे कासव बाह्यकोनातून वळते. त्याची पूर्ण फेरी ३६० अंशांची. तीन वळणांत वाटली की प्रत्येकी १२०. अंगणात स्वतः चालून पाहिले तरी हेच कळते. पाठ केलेले सूत्र आता समजलेली संकल्पना होते.

३/ या कासवाची भाषा ‘लोगो’. १९६७ साली अमेरिकेत ती सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. पॅपर्ट पूर्वी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्यासोबत होते. यंत्राने मुलाला नव्हे, मुलाने यंत्राला शिकवावे, ही त्यांची भूमिका.

४/ याच विचारातून २००५ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही योजना पुढे आली. २००६ मध्ये भारताच्या शिक्षण मंत्रालयाने ती नाकारली : वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड अधिक आहे.

५/ तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या (नगरचे कर्जत वेगळे) खैराट येथील एकशिक्षकी शाळेत प्रयोग झाला. पहिली ते चौथीची मुले एकाच वर्गात. हाती देवनागरी कळफलकाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप. त्यांच्या ‘शुगर’ या प्रणालीसाठी कासवाचे ‘टर्टल आर्ट’ही तयार झाले.

६/ मंत्रालयाची शंका मात्र निराधार नव्हती. हीच योजना पेरूमध्ये मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. तेथील ३१९ शाळांच्या अभ्यासात (२०१२) गणित व भाषेच्या चाचण्यांत सुधारणा आढळली नाही. यंत्र पोहोचले, म्हणून संकल्पना पोहोचतेच असे नाही. ‘त्रिकोण का मिटला नाही?’ असे विचारणारा शिक्षक लागतो.

७/ २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर नगर जिल्ह्यासह राज्यभर गावांनी लोकवर्गणीतून शाळांना प्रोजेक्टर, टॅबलेट दिले. त्या वर्गणीचे चीज झाले का, हे यंत्रांच्या संख्येवरून कळणार नाही. पडद्यावरील कासव मुलाच्या आज्ञेने चालते, की मूल नुसते पाहत बसते, यावरून कळेल.