कंपाउंडच्या बाहेरचं बजेट

स्मरणिकेसाठी लेख मागायला मुलं घरी आली तेव्हा म्हणाली, "काका, तुम्ही इतकी वर्षं खजिनदार होता, सोसायटीच्या हिशेबाचा इतिहास लिहा." आता सिंकिंग फंड आणि मेंटेनन्सच्या थकबाकीचा इतिहास कोण वाचणार? शिवाय थकबाकीदारांची नावं छापता येत नाहीत! म्हणून मी आपल्या कंपाउंडच्या बाहेरच्या हिशेबाविषयी, म्हणजे पुणे महापालिकेच्या बजेटविषयी लिहितो. त्यातही आपल्या सोसायटीचं एक छोटंसं पान आहे.

शहराचे पैसे कशावर खर्च व्हावेत, हा वाद पुण्याला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून स्वागतावर एक हजार रुपये खर्च करण्याचा विषय आला, तेव्हा बत्तीस सभासदांत एकट्या फुल्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मोठा खर्च करून नवी मंडई बांधायलाही त्यांचा विरोध होता. मंडई १८८६ साली उभी राहिली. तिला आधी रे मार्केट म्हणत. आज तिला फुल्यांचंच नाव आहे. पण त्या काळी बोलायचं तर सभासदच असावं लागे. साध्या रहिवाशाने कर भरायचा आणि गप्प बसायचं.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. बजेटची पद्धत तेव्हाच्या कायद्याने घालून दिली, ती आजही साधारण तशीच आहे. प्रत्येक खातं आणि क्षेत्रीय कार्यालय आपापल्या मागण्या पाठवतं. त्यावरून आयुक्त अंदाजपत्रक तयार करून साधारण जानेवारीत स्थायी समितीपुढे ठेवतात. कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. स्थायी समिती आपले बदल करते, नगरसेवकांच्या वॉर्डातली कामं घालते आणि समितीचे अध्यक्ष ते मुख्य सभेत मांडतात. तिथे भाषणं होतात, उपसूचना येतात आणि ३१ मार्चपूर्वी ते मंजूर व्हावं लागतं.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. आपण वर्तमानपत्रात बजेट वाचतो ते फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि मग चडफडतो, की आमच्या रस्त्याचं काहीच नाही. पण मागण्यांची जुळवाजुळव आदल्या पावसाळ्यातच सुरू झालेली असते. म्हणजे आपण पंगत उठल्यावर पोचतो.

हे अंतर थोडं कमी झालं ते २००६ साली. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून नागरिक स्वतः बसून खर्चाचे अग्रक्रम ठरवू लागले होते. पुणे महापालिकेने त्याच धर्तीवर नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक सुरू केलं. असा प्रयोग करणाऱ्या भारतातल्या सुरुवातीच्या शहरांत आपलं पुणे आहे, याचा अभिमान वाटायला हरकत नाही. पद्धत सोपी: ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास अर्ज निघतात, ते भरून क्षेत्रीय कार्यालयात द्यायचे. एक काम पाच लाखांपर्यंतचं असावं. पदपथ, पथदिवे, बसथांबा, बाकडी, स्वच्छतागृह अशी कामं सुचवता येतात. त्यांची छाननी होते, प्रभाग पातळीवर निवड होते आणि मग ती बजेटात जातात.

आता आपली गोष्ट. १९९७ साली आसपासची गावं पालिकेच्या हद्दीत आली, त्यात आपलाही पट्टा होता. आपली सोसायटी दोन वर्षांनी नोंदवली गेली. तेव्हा गेटपासून बसथांब्यापर्यंत काळोख. हा रस्ता नेमका कुणाचा, हेही आम्हांला ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी सी विंगमधल्या आजी भजनाहून परतताना पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्या पुन्हा भजनाला गेल्याच नाहीत.

अर्जाची माहिती कळल्यावर आम्ही उत्साहाने भरले, पण कसे? कुणी स्पीडब्रेकर मागितला, कुणी बाकडी, कुणी झाडं. एकाने तर सोसायटीच्या आतल्या पेव्हर ब्लॉकची मागणी केली! काम महापालिकेच्या जागेवरच होतं, एवढंही आम्ही वाचलं नव्हतं. अर्थातच हाती काही लागलं नाही, आणि त्यात दोष आमचाच होता.

पुढच्या वर्षी वार्षिक सभेत विषय घेतला. गणपूर्तीअभावी सभा नेहमीप्रमाणे अर्धा तास तहकूब झाली, मग सुरू झाली. बराच वाद झाला. बाकडीवाले ऐकेनात. शेवटी आजींच्या सुनेने उठून एवढंच विचारलं, "बाकड्यावर बसायला माणूस अंधारातून यायचा कसा?" मग एकमत झालं: फक्त दिवे. दोन मुलांनी रात्री फिरून अंधाराच्या जागा मोजल्या, वहीच्या कागदावर नकाशा काढला. शेजारच्या दोन सोसायट्यांनाही तीच मागणी लिहायला लावली. ते काम बजेटात आलं आणि दिवे लागलेही. आजींनी ते गॅलरीतून पाहिले.

त्यानंतर पदपथही सुचवला, तोही बजेटात आला. पण आम्ही जाऊन चौकशीच केली नाही. त्या वर्षी आपण बिल्डिंगच्या रंगावरून भांडत होतो, जुन्या सभासदांना आठवत असेल! बजेटात नाव आलं म्हणजे काम झालं असं नव्हे. ते १ एप्रिलनंतर निविदेत गेलं का, हे विचारावं लागतं. मंजूर रक्कम 'वर्गीकरण' करून दुसऱ्या कामाकडे वळवण्याचीही सोय असते. तो पदपथ राहिला तो राहिलाच.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक न झाल्याने प्रशासक आले. त्या काळात बजेट आयुक्तांनीच मांडायचं आणि त्यांनीच मंजूर करायचं, असं होतं. सभागृहात आपल्या बाजूने उभं राहून बोलणारं कुणी नव्हतं. अशा वेळी तो एक कागदी अर्जच आपलं तोंड होता, आणि तोही आपण गेल्या काही वर्षांत भरलेला नाही.

म्हणून नव्या कमिटीला माझी एकच विनंती. आपली वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावीच लागते आणि अर्जही त्याच सुमारास निघतात. यंदाच्या विषयपत्रिकेत 'कंपाउंडबाहेरचं एक काम' हा विषय घाला. अर्ज कोण देणार, एप्रिलनंतर कोण विचारायला जाणार, त्या दोघांची नावं इतिवृत्तात लिहा. दुसरं नाव माझं लिहिलंत तरी चालेल. पदपथाची चौकशी माझ्याकडून राहिली आहे.