पांझरेवरचे फड

सामायिक कुरणाची गोष्ट गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडली. कुरण सर्वांचे, गुरे ज्याची त्याची. गाय वाढवली की दूध एकट्याचे, गवताची तूट मात्र सर्वांची. मग प्रत्येक जण गायी वाढवतो आणि कुरण उजाड होते. हिशोब बिनचूक वाटतो. पण मग धुळे जिल्ह्यातल्या पांझरेचे काय करायचे?

या नदीवर सुमारे तीन-चारशे वर्षांपासून बंधाऱ्यांची साखळी आहे. बंधाऱ्यातून कालवा निघतो, कालव्यातून चाऱ्या. भिजणाऱ्या शेतजमिनीचे साधारण चार भाग करतात. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात एका वर्षी एकच पीक. एकात ऊस असेल, दुसऱ्यात गहू. पुढच्या वर्षी फेरपालट. कोणत्या फडात काय घ्यायचे ते गाव मिळून ठरवते.

यातली खरी मेख अशी की अनेक शेतकऱ्यांचे तुकडे निरनिराळ्या फडांत विखुरलेले असतात. पाणी कमी असले की एखादा फड कोरडा ठेवतात, आणि तोटा एकाच्या माथी न बसता बहुतेकांत वाटला जातो. फडात पीक एकच असल्याने पाण्याची गरजही सारखी. कोणी जास्त घेतले तर ते लगेच दिसते. शिवाय शेतकऱ्याने स्वतः बारे फोडायचे नाही. पाणी देणार पाटकरी, राखण करणार जागल्या. स्पर्धा संपली नव्हती, तिला जागा उरली नव्हती. याला रामराज्यही समजू नये: पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला होता, भूमिहीनाला त्यात वाटा नव्हता.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात जगभरच्या अशा व्यवस्था तपासल्या. ठरलेली हद्द, वापरणाऱ्यांनीच केलेले नियम, त्यांना उत्तरदायी राखणदार, या त्यांना आढळलेल्या गोष्टी आपल्या फडातही दिसतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

पुढे नदीवर वरच्या अंगाला धरणे झाली, शेतांत विहिरी आल्या, आणि बऱ्याच ठिकाणी फड विस्कटले. स्वतःची विहीर असलेला शेतकरी गावाच्या पीकठरावाची वाट कशाला पाहील?

शेजारच्या जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात हार्डिनचा हिशोब जमिनीखाली चालू आहे. तापीच्या गाळातले पाणी सामायिक, पंप ज्याचा त्याचा. एकाने कूपनलिका खोल नेली की शेजाऱ्यालाही न्यावी लागते. चारीतले पाणी पाटकऱ्याला दिसत होते. या पाण्याची पातळी किती उतरली हे विहीर आटेपर्यंत कळत नाही.