एस्प्लनेडचं गवत आणि खेळण्यातली जग्वार

आज लढाई नाही. आज वैरण.

कोलकात्याचं एस्प्लनेड म्हटलं की बसगाड्या, ट्राम आणि फूटपाथवरची दुकानं आठवतात. पण शब्द किल्लेबांधणीतला. तटासमोर तोफेच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली जमीन म्हणजे एस्प्लनेड. प्लासीनंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधताना जे रान साफ केलं, तेच आजचं मैदान. अजून लष्कराकडे, अजून गवताचं.

ऐंशीच्या दशकात तिथल्या फूटपाथवर मी पुतण्यासाठी धातूची छोटी जग्वार मोटार घेतली. खाली 'निकी' असं नाव. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचे 'डिंकी' खेळण्यांचे जुने साचे साठच्या दशकाच्या अखेरीस कोलकात्यात आले, त्यांतून निघालेली ही गाडी. संग्राहक आज ती शोधत फिरतात. पुतण्या मात्र म्हणाला, "काका, वैरणीचं यंत्र नव्हतं का?" शेतकऱ्याचं पोर! मला रागच आला, कबूल करतो.

तसं यंत्र परदेशी पोरांना मिळत होतं. अमेरिकेत आयोवा राज्यात फ्रेड अर्टल यांनी १९४५ साली घराच्या तळघरात खेळण्यातले ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. कच्चा माल म्हणजे युद्धातून उरलेलं ॲल्युमिनियम. तिकडे प्रमाण १:१६, युरोपात बहुधा १:३२. आणि गंमत बघा, जर्मनीच्या क्लास कंपनीच्या चारा कापणी यंत्राचं नावही जग्वारच! उभा मका कापायचा, फिरत्या ड्रमच्या पात्यांनी बारीक करायचा, नळीतून ट्रॉलीत फेकायचा. पुढे हवा न लागू देता दाबला की मुरघास.

आपली कडबाकुट्टी याच जातीची. फरक एवढाच की कडबा माणूस लावतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगराआधी हेच यंत्र केलं. त्याची प्रतिकृती मी कुठल्या दुकानात पाहिली नाही.

लष्करालाही वैरण लागे, दूध लागे. पहिला मिलिटरी फार्म १८८९ साली अलाहाबादला निघाला. ३१ मार्च २०२१ रोजी हे सगळे फार्म बंद झाले. खर्चाचा हिशेब बरोबर असेल. पण रणगाडे चौकाचौकांत मांडणाऱ्या आम्हा लोकांना एक गवत कापायचं यंत्र जपावंसं वाटू नये, हे मला खटकतं.

पुतण्या आता पन्नाशीला टेकलाय. मुरघास करतो. ती जग्वार गोठ्यातल्या कोनाड्यात आहे, एक चाक गेलेली.

जय हिंद.