उलटी बाजू

झावबावाडीतल्या आमच्या चाळीत आत्या ब्लाउज शिवायची. टीप घालून झाली की कापड उलटं करायची, त्यावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "मदर आधी ही बाजू बघायच्या."

मदर म्हणजे भायखळ्याला क्लेअर रोडवरच्या जीझस अँड मेरी कॉन्व्हेंटातल्या. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. ठाकूरद्वारची मुलगी ट्रामने तिकडे शिकायला जाते म्हटल्यावर वाडीत कुजबुज झाली, पोरगी बाटणार. आजोबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आत्या बाटली नाही. एका फ्रेंच बाईची गोष्ट मात्र घेऊन आली, आणि हातशिलाई करता करता ती आम्हा भावंडांना शंभरदा तरी सांगितली असेल.

क्लॉदीन तेव्हने, घरची ग्लॅडी. जन्म 1774 चा, लियाँचा, वडील रेशमाचे व्यापारी. राज्यक्रांतीच्या धुमाळीत लियाँ पॅरिसच्या सरकारवर उलटलं, शहराला वेढा पडला, आणि शहर हातात आल्यावर सूड सुरू झाला. जानेवारी 1794 मध्ये तिच्या दोन भावांना गोळ्या घालायला नेलं, तेव्हा एकोणीस वर्षांची ग्लॅडी गर्दीतून त्यांच्यामागे चालत गेली. आम्ही क्षमा केली, तूही कर, असं ते तिला सांगून गेले. त्यांचं मरण तिने डोळ्यांनी पाहिलं. त्या धक्क्याने तिची मान कापायला लागली ती जन्मभर. इथे आत्या सुई थांबवायची आणि स्वतःची मान तशी हलवून दाखवायची. मला फार भीती वाटायची.

पुढे 1815 मध्ये सें-निझिए चर्चच्या दारात थंडीने काकडलेल्या दोन टाकून दिलेल्या पोरी सापडल्या. फादर आंद्रे क्वांद्र यांनी त्यांना क्लॉदीनच्या स्वाधीन केलं. ऑक्टोबर 1818 मध्ये आईचं घर सोडून ती विणकरांच्या क्रुआ-रूस टेकडीवर राहायला गेली. सोबत एक अनाथ मुलगी, एक कामकरीण आणि रेशमाचा एक माग. पहिल्याच रात्री तिच्या पोटात गोळा आला, आपण हे काय वेडं धाडस करून बसलो! जीझस अँड मेरी हा शिकवणाऱ्या जोगिणींचा संघ त्या एका मागावर उभा राहिला. लिहिणं-वाचणं आणि पोटापुरता हुन्नर, दोन्ही एकाच छपराखाली. लालबाग-परळात ज्याची नाती आहेत त्याला मागाची किंमत वेगळी सांगायला नको.

ती 1837 मध्ये गेली. पाचच वर्षांनी तिच्या संघाच्या बाया आग्र्याला पोचल्या, 1860 मध्ये पुण्यात त्यांची शाळा निघाली.

आत्या शिकत होती तेव्हा क्लॉदीन संत नव्हतीच. ते झालं 21 मार्च 1993 ला, रोममध्ये. त्याआधी नऊच दिवस, शुक्रवारी दुपारी, झवेरी बाजारचा स्फोट झाला होता. ठाकूरद्वारहून तो बाजार म्हणजे चालत पंधरा मिनिटं. त्या दिवशीच्या साऱ्या स्फोटांत मिळून मुंबईत 257 माणसं मेली. डिसेंबर-जानेवारीची दंगल अजून अंगात होती. भावांची ती क्षमा मला तोवर कधी पटली नव्हती, आणि त्या आठवड्यात तर मुळीच नाही. तसं मी आत्याला बोलूनही दाखवलं. तिने उत्तर दिलं नाही.

आत्याची काज-बटणं भेंडीबाजारातले एक चाचा करायचे. जानेवारीपासून ते आले नव्हते, आणि आमच्याकडून कुणी गेलं नव्हतं. संत झाल्याची बातमी कळली त्या संध्याकाळी आत्याने कपाटातून ब्लाउजांचं बोचकं काढलं, गाठ मारली आणि माझ्या हातात दिलं. तिचेही हात तेव्हा कापायला लागले होते.

"चाचांकडे देऊन ये. मागची झालेली असतील ती घेऊन ये," ती म्हणाली. मी चपला घालत होतो. "आणि उलटून बघून घे."

चाचा घरीच होते. आत्याचे अकरा ब्लाउज त्यांनी घडी करून ठेवले होते. मी एकेक उलटून पाहिला. एकही दोरा सुटलेला नव्हता.