रावीकाठची तारीख, नगरची जिलेबी

नगर जिल्ह्यातल्या बाजारगावांत 25 जानेवारीच्या संध्याकाळीच हॉटेलवाले जिलेबीचं पीठ भिजवून ठेवतात. रात्रभर ते आंबतं. पहाटे कढई चढते आणि पोरांची प्रभातफेरी शाळेत परतेपर्यंत परात भरलेली असते. ध्वजसंहितेत जिलेबीचा शब्दही नाही. तरी झेंडावंदनाहून येताना कागदात बांधलेली अर्धा किलो जिलेबी हातात नसेल, तर सव्वीस जानेवारी झाली असं घरात कुणाला वाटत नाही.

हा सण पंचांगातून आलेला नाही, तो ठरवून घडवला गेला. टिळकांनी 1893 मध्ये गणेशोत्सव रस्त्यावर आणला, पाठोपाठ रायगडावर शिवाजी उत्सव उभा केला. त्यांच्या हाताशी देव होता, गड होता, लोकांच्या मनात मुरलेली भक्ती होती. 26 जानेवारीपाशी यातलं काहीच नव्हतं. लाहोरला 31 डिसेंबर 1929 च्या मध्यरात्री नेहरूंनी रावीकाठी झेंडा फडकवला. मग पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा देशभर वाचायची, म्हणून जानेवारीतला शेवटचा रविवार धरला. 1930 साली तो 26 तारखेला आला.

त्या दिवशी करायचं काय, तेही गांधीजींनी सांगून ठेवलं होतं: सूत काता, अस्पृश्यांची सेवा करा, हिंदू-मुसलमान ऐक्यासाठी झटा, दारूबंदीचं काम करा. ठिकठिकाणी माणसं जमली, भाषणांशिवाय प्रतिज्ञा घेतली आणि घरी गेली. या साऱ्या वंशावळीत मला हा तपशील सगळ्यात मोलाचा वाटतो. नवा राष्ट्रीय दिवस काढताना त्याला आधी काम दिलं होतं. मिरवणं नंतर आलं. प्रभातफेरी त्याच 1930 च्या कायदेभंगात रुजली. पहाटे गाणी म्हणत गल्लीबोळ जागे करणारी ती फेरी आज शाळकरी पोरांच्या पायांनी चालते.

पुढचा दुवा थेट नगरचा. 9 ऑगस्ट 1942 ला मुंबईत धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यकारिणी नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणली गेली. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, गोविंदवल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. नेहरू मार्च 1945 पर्यंत इथं होते. म्हणजे ज्यांनी रावीकाठी झेंडा उभारला, त्यांच्या 1943, 44 आणि 45 च्या तिन्ही सव्वीस जानेवाऱ्या या तटबंदीत गेल्या. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी इथंच लिहिलं. अंगणात बाग करताना ते खणत, तेव्हा जमिनीखाली जुन्या बांधकामाचे अवशेष निघत. ती खणाखणी त्यांनी पुस्तकाच्या आरंभीच नोंदवली आहे. नगरच्या प्रत्येक शाळेने 26 जानेवारीच्या भाषणात एवढं तरी सांगायला हवं.

संविधान 26 नोव्हेंबर 1949 ला स्वीकारलं गेलं. ते अमलात आणायला दोन महिने थांबण्याचं कारण 1930 चीच तारीख.

मग मातीने आपला वाटा घातला. जानेवारीत आमच्याकडे शाळू हुरड्याला आलेला असतो, त्यामुळे झेंडावंदन उरकलं की सुट्टीची पावलं रानाकडे वळतात. बांधाला आगटी पेटते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, चटका बसत असतानाच हातावर चोळायची, फुंकर मारून फोलपट उडवायचं. हिरवे, दुधाळ, गरम दाणे, सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. पुण्या-मुंबईची लेकरं-नातवंडंही जोडून सुट्टी आली की यासाठी गावी येतात.

गांधीजींनी लावून दिलेलं काम मात्र ग्रामसभेत जिवंत आहे. सव्वीस जानेवारीला गावोगाव ती भरते. बऱ्याच ठिकाणी सह्यांचं रजिस्टर फिरतं आणि माणसं उठतात, याचं फार वाईट वाटतं. कारण ग्रामसभेने काय होतं, ते आपल्याच जिल्ह्याने दाखवलंय. हिवरे बाजारला 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गावाने एकत्र बसून कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान ठरवलं, शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं. आजही पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवला जातो, आणि कोणतं पीक किती घ्यायचं ते त्यावर ठरतं.