एका गुलाबी थेंबाचा इतिहास



कामगारांच्या सभांत बोलणाऱ्या माणसाने भाजीतील 'क' जीवनसत्त्व कसे मोजतात यावर व्याख्यान द्यावे, याचे आपणांपैकी अनेकांस नवल वाटले असेल. परंतु वाटाघाटींना बसून बसून मी एक गोष्ट शिकलो आहे. जे मोजलेले नाही, ते मागता येत नाही.

मोजमाप नसले म्हणजे काय होते, ते प्रथम पाहू. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियातील कुत येथे सहावी पुणे डिव्हिजन तुर्की वेढ्यात अडकली होती. तीत मराठा पलटणी होत्या. भाजीपाला संपला. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या पिठापायी बेरीबेरी झाला. आपले शिपाई कोंड्याचे पीठ खात, म्हणून त्यातून वाचले. पण अनेकांनी घोड्याचे मांस नाकारले आणि त्यांना स्कर्व्हीने गाठले. हिरड्या सुजाव्यात, दात हलावेत, जखमा भरू नयेत, असा हा रोग. तो संत्र्या-लिंबांनी बरा होतो, हे जेम्स लिंड या आरमारी डॉक्टराने १७४७ मध्येच दाखविले होते. तथापि कोणत्या पाल्यात ते द्रव्य किती, हे झटपट सांगण्याचे साधन कोणापाशी नव्हते.

१९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिख यांना गिनीपिगमध्ये स्कर्व्ही आढळला. पुढे कित्येक वर्षे भाजीची परीक्षा या मुक्या जनावरावर होई. त्याचा ताजा पाला बंद करावयाचा, मग परीक्षेची भाजी मोजून द्यावयाची, आणि किती भाजीने तो वाचतो हे आठवडेच्या आठवडे पाहावयाचे.

ही कोंडी एका निळ्या रंगाने फोडली. लिंबाच्या रसाने हा रंग उडतो, याकडे फ्रँकफर्टचे रसायनज्ञ टिलमन्स यांनी १९३० च्या सुमारास लक्ष वेधले. १९३२ मध्ये हंगेरीत सेंट-ग्यॉर्गी आणि अमेरिकेत किंग यांच्या कामातून सिद्ध झाले की, रंग उडविणारे ते द्रव्य, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, हेच 'क' जीवनसत्त्व होय.

कृती साधी आहे. भाजी मेटाफॉस्फरिक आम्लात वाटावी, म्हणजे हवेने जीवनसत्त्व नासत नाही. अर्क गाळून त्यात ब्युरेटमधून तो रंग थेंबथेंब सोडावा. आम्लात रंग गुलाबी होतो. जीवनसत्त्व शिल्लक असेतोवर प्रत्येक थेंब विरून जातो. ते संपले की गुलाबी छटा टिकते, आणि किती रंग खर्च झाला यावरून हिशेब निघतो.

या पद्धतीने आपल्याही अन्नाची मोजदाद झाली. निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. एक्रॉइड यांच्या कारकिर्दीत भारतीय अन्नाची कोष्टके निघाली. केंब्रिजची डॉक्टरेट १९३९ मध्ये मिळविणाऱ्या कमला सोहोनी यांनीही काही काळ तेथे काम केले. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेचा अभ्यास केला आणि तीत 'क' जीवनसत्त्व असल्याचे दाखविले. जुन्या कोष्टकांत शंभर ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम, पानकोबीत १२४, आणि आपल्या लाडक्या संत्र्यात अवघे ३०! हैदराबादच्या पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकात नव्या यंत्राने आवळा अडीचशेच्या आसपास आला. नमुना बदलतो, तसा पद्धतीनेही आकडा बदलतो. कारण तो रंग इतर द्रव्यांनीही उडू शकतो.

आता एका कारखान्याची गोष्ट. नाव सांगत नाही. तेथील उपाहारगृहात पहाटे शिजविलेली पानकोबी रात्रपाळीला वाढत. आम्ही तक्रार केली, तेव्हा व्यवस्थापकांनी कोष्टक पुढे केले. आकडा छापील होता, पण कच्च्या भाजीचा! हे जीवनसत्त्व पाण्यात उतरते, आचेने आणि हवेने नासते. कल्हई गेलेल्या तांब्याच्या भांड्यात तर अधिकच. एका सोबत्याची मुलगी रसायनशास्त्र शिकत होती. तिने दोन्ही भाज्या तपासल्या. ताजीच्या अर्काने रंग पिऊन टाकला. रात्रीच्या भाजीवर चारच थेंबांत गुलाबी छटा स्थिरावली. व्यवस्थापकांचा रसायनज्ञ म्हणाला, "जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण झालेले रूपही शरीराच्या उपयोगी पडते, तुमचा रंग ते मोजत नाही." आक्षेप रास्त होता. त्याही रूपाची मोजणी रो व क्यूथर यांनी १९४३ मध्येच दिली आहे. आम्ही म्हणालो, "मग साहेब, दोन्ही रूपे मोजून आणा." मोजणी काही आली नाही, मात्र पाळीगणिक भाजी शिजू लागली आणि ताटात लिंबाची फोड आली.

१९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी एक्रॉइड यांचाच आधार घेतला. परंतु अन्नाचा निकष धरला तो कॅलरींचा. पोट भरूनही हिरड्या सुजू शकतात. म्हणून माझे मागणे एवढेच की, कामगाराच्या अन्नाचा हिशेब करताना कॅलरींबरोबर जीवनसत्त्वही मोजावे, आणि ते कॉटन मार्केटमधील टोपलीत नव्हे, त्याच्या ताटात मोजावे.