बिनतारी हौस आणि मोर्सची कसोटी

हौसेसाठीं परीक्षा असावी काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. बासरी वाजविणारास किंवा पतंग उडविणारास कोणी परवाना मागत नाहीं. परंतु बिनतारी संदेश धाडण्याची हौस निराळी आहे. आकाशमार्ग सर्वांना मिळून एकच. तेथें एकाच्या खेळानें दुसऱ्याचा जीव धोक्यांत येऊं शकतो. म्हणून हौशी बिनतारी चालकांस, ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात, सरकारी परवाना घ्यावा लागतो. त्या परवान्यासाठीं मोर्सची लिपि आलीच पाहिजे काय, या वादाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

मोर्सची लिपि ही बिंदु व रेषा यांची लिपि होय. २४ मे १८४४ रोजीं सॅम्युअल मोर्स यानें वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेनें संदेश पाठविला आणि या विद्येचा डंका वाजला. रेषा बिंदूच्या तिप्पट लांब असते. छंदःशास्त्रांत गुरु हा लघूच्या दुप्पट. येथें तिप्पट, एवढाच काय तो भेद. वृत्ताप्रमाणेंच ही लिपिही कानानें ओळखावी लागते. १२ डिसेंबर १९०१ रोजीं न्यूफाउंडलंड येथें अटलांटिकपलीकडून आलेले तीन बिंदु, म्हणजे ‘एस’ हें अक्षर, ऐकल्याचें मार्कोनीनें मागाहून जाहीर केलें. बिनतारी विद्येची पहिली भाषा अशी मोर्सचीच होती.

१९१२ च्या एप्रिलमध्यें ‘टायटॅनिक’ जहाज बुडालें. त्या काळीं अमेरिकेंत हौशी चालकांवर कसलेंच बंधन नव्हतें, आणि त्यांच्या गोंगाटांत महत्त्वाचे संदेश बुडतात अशी ओरड झाली. त्याच वर्षीं ऑगस्टांत तेथें कायदा झाला. हौशी मंडळींस २०० मीटरांखालील, त्या वेळीं निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या, लहरींवर धाडण्यांत आलें. आणि परवान्यासाठीं मिनिटास निदान ५ शब्द इतकी मोर्सची गति ठरली. त्यांतील हेतु स्पष्ट होता. संकटांतील जहाजाची हांक किंवा ‘थांबा’ हा सरकारी इशारा ज्यास कळत नाहीं, त्याच्या हातीं प्रक्षेपक देणें म्हणजे बहिऱ्यास चौकांत गाडी हांकूं देणें होय.

हद्दपार केलेल्या या मंडळींनीं त्या टाकाऊ लहरींचें सोनें केलें. नोव्हेंबर १९२३ मध्यें फ्रान्समधील लेऑं देलॉय व अमेरिकेंतील फ्रेड श्नेल यांनीं सुमारें ११० मीटरांवर अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरून परस्परांशीं संभाषण केलें, आणि तेंही मोर्समध्यें. पुढें १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेंत मोर्सची अट आंतरराष्ट्रीय नियमांत दाखल झाली.

अटीच्या समर्थकांचें म्हणणें पोकळ नव्हतें. मोर्सचा प्रक्षेपक साधा व स्वस्त असतो. त्याचा संदेश लहरींच्या पट्ट्यांत मानवी आवाजाच्या मानानें अगदीं थोडी जागा घेतो. आणि जेथें आवाज खरखरींत विरून जातो तेथेंही बिंदु-रेषा ऐकूं येतात. शिवाय कष्ट करून शिकलेला मनुष्य शिस्तीनें वागेल, अशी त्यांची श्रद्धा होती.

परंतु या शेवटच्या मुद्द्यांतच वादाचें मूळ होतें. मूळची अट सुरक्षिततेची. ती हळूहळू पात्रतेची चाळणी बनली. अमेरिकेंत वरच्या श्रेणींसाठीं मिनिटास १३ व २० शब्दांची गति लागूं लागली. यंत्रविद्येंत निष्णात, पण कानानें मंद, अशा माणसाला दार बंद झालें. पांच शब्दांनीं ‘थांबा’ हा इशारा कळत असेल, तर वीस शब्द कशासाठीं, याचें उत्तर सुरक्षिततेच्या तत्त्वांत सांपडत नव्हतें.

भिंत एकदम पडली नाहीं. १९४७ सालीं अटलांटिक सिटीच्या परिषदेनें १,००० मेगासायकलांवरील लहरींपुरती सूट दिली. ही मर्यादा पुढें १४४ वर व नंतर ३० वर आली. १९९१ मध्यें अमेरिकेनें मोर्सविना प्राथमिक परवाना दिला. १ फेब्रुवारी १९९९ पासून संकटसूचनेची उपग्रहाधारित नवी व्यवस्था समुद्रावर पूर्णपणें अमलांत आली, आणि अटीचा मूळ आधारच निखळला. २००३ च्या जिनीव्हा परिषदेनें हा निर्णय ज्या त्या राष्ट्रावर सोंपविला. ब्रिटननें त्याच वर्षीं अट काढली. अमेरिकेनें २३ फेब्रुवारी २००७ पासून.

भारतांत १९७८ च्या नियमांप्रमाणें दुसऱ्या श्रेणीस मिनिटास ५ व पहिल्या श्रेणीस १२ शब्दांची गति लागे. पुढें मोर्सविना मर्यादित परवानाही येथें मिळूं लागला. जुलै २०१३ मध्यें तारसेवाच बंद झाली, आणि तारमास्तरांची ती पिढी इतिहासजमा झाली.

अट गेली म्हणून लिपि मेली, असें मात्र झालें नाहीं. कोणी सक्ति न करतांही हौशी लोक आजही हौसेनें मोर्स शिकतात आणि रात्रीं कान लावून दूरचे क्षीण बिंदु टिपतात. पावकी-निमकी शाळेंतून गेल्यावरही तोंडी हिशोबाची गोडी ज्याला आहे त्याला राहिलीच. यावरून एक गोष्ट दिसते. समुद्रावर जीव वांचविणारा नियम तोपर्यंतच न्याय्य, जोंवर त्यानें जीव वांचतात. त्यानंतर तो केवळ आधीं आंत आलेल्यांनीं मागून येणाऱ्यांस अडविण्याचें साधन होऊन बसतो. मोर्सच्या खऱ्या चाहत्यांस अशा कुंपणाची गरज नव्हती. त्यांना शिकविण्यास एखादा शिष्य मिळाला म्हणजे पुरे.